वाइल आला की क्रियापद शेवटी: माझा जर्मनचा अनुभव

जर्मनची पहिली पातळी, ए-वन, कधी झाली कळलंच नाही, पुढच्या ए-टूला वाइल (म्हणजे 'कारण') आला आणि मी अडकले, त्याचा राग अजून गेलेला नाही. पुण्यातला क्लास, वर्गात जवळपास सगळे मराठी आणि तरी शिकवलं इंग्रजीतून. बिकॉज आय ॲम सिक, आता यातलं ॲम उचलून शेवटी टाका. दोन महिने मी तेच करत होते, आधी इंग्रजी वाक्य जुळवायचं मग क्रियापद हलवायचं, तोवर बोलायची पाळी दुसऱ्याकडे गेलेली असायची.

एका रात्री वहीत लिहिलं, वाइल इश क्रांक बिन. खाली सहज मराठी लिहिलं, कारण मी आजारी आहे. शब्दाखाली शब्द बसला! मग लिहीतच सुटले. वाइल इश राइस गेगेसन हाबं, कारण मी भात खाल्ला आहे. दासचंही तेच, दास एर हॉयटं कोम्ट, की तो आज येतो. आपलं क्रियापद शेवटीच असतं हो, मग आम्हाला इंग्रजीतून वळसा का घालायला लावला? पहिल्या दिवशी ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली असती तर माझे दोन महिने वाचले असते.

फक्त वाइलचं वाक्य आधी आलं की मराठीवर विसंबू नका. पाऊस पडतोय म्हणून मी घरी राहते, इथे आपण 'मी' आधी घेतो, जर्मनमध्ये स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद: वाइल एस रेग्नेट, ब्लायबं इश त्सु हाउझं. मी तो सगळा पहिला तुकडा 'हॉयटं' म्हणजे 'आज' या एकाच शब्दासारखा धरते. हॉयटं ब्लायबं इश, तसंच हे.

आणि हो, आउफश्टेएन (उठणे) सारखी, साध्या वाक्यात दोन तुकडे होणारी क्रियापदं शेवटी गेली की परत जोडली जातात, वाइल इश उम झेक्स आउफश्टेए, कारण मी सहाला उठते. क्रियापद हलवायला नको म्हणून बरेच जण 'कारण'साठीच डेन वापरून सुटतात (डेन इश बिन क्रांक), बरोबरच आहे ते पण ओब्वोल (जरी), वेन (जर, जेव्हा) आले की सुटका नाही, तिथेही क्रियापद शेवटीच, तेव्हा सवय वाइलचीच लावा.

पुढच्या पातळीच्या, बी-वनच्या लेखी परीक्षेत ६० मिनिटांत ३ मजकूर लिहायचे होते, मैत्रिणीच्या पत्राची सुरुवातच मी ओब्वोलने केली, न अडखळता, आणि पेन खाली ठेवलं तेव्हा ७ मिनिटं उरली होती.