आमची वाटचाल : ‘बी’च्या बटणापासून ‘मथळ्या’पर्यंत

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ दोन संगणक आणि एक लेझर प्रिंटर घेऊन आम्ही डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावण्याचं काम, सुरू केलं, तेव्हा कमाई पानावर होती. दुसऱ्या प्रुफाला लेखक म्हणायचे, “उपमथळे जरा मोठे करा.” मग आमच्या ऑपरेटर ताई साडेतीनशे पानं उलटत एकेक उपमथळा निवडून अक्षराचा आकार १४चा १६ करत बसायच्या. त्यातले तीन-चार सुटायचेच.

इलाज जुनाच होता. १९८३ साली मायक्रोसॉफ्ट वर्डची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही स्टाइलशीट होती. हा उपमथळा आहे एवढं मजकुराला सांगून ठेवायचं आणि तो दिसतो कसा ते एकाच जागी ठरवायचं. ताईंना मी ते शिकवलं, त्यांना पटलंही. पण घाई झाली की हात अक्षर ठळक करणाऱ्या ‘बी’च्या बटणाकडेच जायचा. बरीच वर्षं मी याला सवय समजत होतो. आता माझं ठाम मत आहे की दोष पडद्यावरच्या मांडणीचा आहे. ‘बी’ दाबलं की अक्षर डोळ्यांदेखत जाड होतं. स्टाइलच्या यादीत मात्र ‘हेडिंग २’ असं परकं नाव. २००७च्या वर्डने रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, स्टाइलचे नमुने मांडले, माउस नुसता वर नेला तरी मजकूर कसा दिसेल ते कळू लागलं. फार चांगलं काम झालं ते. फक्त नमुन्याची अक्षरं रोमन.

युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या एकाच संकेतपद्धतीवर, आलो आणि नवाच घोळ समोर आला. वर्ड काय किंवा लिब्रेऑफिस हे वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर काय, एका स्टाइलच्या पोटात रोमनचा फॉन्ट आणि आकार वेगळा, देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. रोमनच्या रकान्यात १४चा १६ केला की मजकुरातले इंग्रजी शब्द वाढतात, मराठी आहे तिथेच राहतं. माणसाला वाटतं, फॉन्ट बिघडला. असे फोन आम्हाला रात्री नऊलाही यायचे. त्या फोनांमुळेच आम्ही पानं लावणं कमी केलं आणि प्रकाशकांसाठी टेम्प्लेट (स्टाइल आधीच ठरवून दिलेली कोरी फाइल) व पडद्याच्या बाजूला दिसणारी स्टाइलच्या बटणांची पट्टी बनवायला घेतली.

पहिल्या पट्टीत २२ बटणं होती. कुणी हात लावला नाही. मग मी आठवडाभर ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्यांच्या तोंडचे शब्द लिहून घेतले : मथळा, उपमथळा, पहिला परिच्छेद, मजकूर, उतारा, कविता, तळटीप, चित्रओळ. तीच आठ बटणं झाली. प्रत्येकावर नमुन्याचा शब्द ‘मूर्ती’, त्या त्या स्टाइलच्याच फॉन्टमध्ये. खाली ऊकार, वर वेलांटी आणि रफार. ओळींमधलं अंतर कमी पडलं तर वरचा भाग कापलेला बटणावरच दिसतो. आकार बदलला की दोन्ही लिप्यांचा एकदम बदलतो.

तिरक्या अक्षराचं बटण ठेवलं नाही. देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही; बहुतेक फॉन्टमध्ये संगणक उभंच अक्षर कलतं करतो आणि शिरोरेषेखालचा सगळा तोल जातो.

एक चूक मात्र मनाला लागून राहिली. आमच्या एका टेम्प्लेटमध्ये ‘उतारा’ या स्टाइलवर आपोआप बदलण्याची खूण चालू राहिली होती. संपादकांनी एकच उतारा मधोमध घेतला आणि पुस्तकातले सगळे उतारे मधोमध गेले. फाइल परवा छापखान्यात जायची होती. रात्रभर बसून निस्तरलं, पैसे घेतले नाहीत. आता प्रत्येक टेम्प्लेट दोघांनी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. पट्टीच्या तळाशी ‘मूळ रूप’ हे बटणही तेव्हाच आलं. वर्डमध्ये कंट्रोल-क्यूने परिच्छेदाचे आणि कंट्रोल-स्पेसने अक्षरांचे हाताने केलेले बदल पुसले जातात; ती दोन्ही कामं हे एक बटण करतं. सगळ्यात जास्त दाबलं जातं ते हेच.

२०२३मध्ये लिब्रेऑफिस ७.६ आलं, त्यात कोणत्या परिच्छेदाला कोणती स्टाइल आहे ते समासात रंग आणि आकड्याने दाखवण्याची सोय आहे. ती पाहिली त्या दिवशी आम्ही सगळे ताईंच्या पडद्याभोवती उभे होतो. तसंच काही आमच्या पट्टीत आणायचं काम सध्या चालू आहे.

मध्यंतरी एका कवितासंग्रहाच्या संपादकांनी स्टाइलचं नववं बटण मागितलं, कडव्याच्या शेवटच्या ओळीसाठी. ताई म्हणतात, ते ‘कविता’तच बसवा. अजून ठरलेलं नाही.