त्या पत्र्याचं काय होणार?

तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

मी कॅम्पबेल रिव्हरला असतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला व्हँकुव्हर आयलंड म्हणून लांबलचक बेट आहे, त्याच्या पूर्व अंगाला हे गाव. उन्हाळ्यात एका चार्टरवाल्याकडे सामन मासेमारीचा गाइड म्हणून काम करतो. मूळ मालवणचा. घरी सांगितलं की मी ट्रोलिंग करतो तेव्हा बाबांनी दोन दिवस फोन घेतला नाही, त्यांना वाटलं पोरगा ट्रॉलरवर लागला. आमच्याकडे ट्रॉलर म्हणजे शिवी. शेवटी समजावलं की बाबा, जाळं नाही, गरी आहे, चालत्या बोटीमागून ओढायची. मग म्हणाले, "म्हणजे गरवतस. तसा सांग ना."

तर इथलं पाणी. आपल्याकडे भरती येते आणि जाते, उधाणाची मोठी असो की भांगाची छोटी, समोरून येते आणि समोरच जाते. इथे आमचं बेट आणि समोरचं क्वाड्रा बेट यांच्यामध्ये डिस्कव्हरी पॅसेज नावाची चिंचोळी खाडी आहे आणि तिच्यात भरतीचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेला वाहतं, ओहोटीचं दक्षिणेकडून उत्तरेला. पहिल्या सीझनला माझं डोकं रोज उलटं व्हायचं. गावाच्या वर सेमूर नॅरोज आहे, तिथे करंट १५ नॉटपर्यंत जातो. मध्येच रिपल रॉक नावाचा खडक होता, त्याने इतकी जहाजं खाल्ली की ५ एप्रिल १९५८ ला खालून बोगदा मारून तो उडवून दिला. खडक गेला, करंट आहे तिथेच आहे. म्हणून मोठी जहाजं स्लॅक बघून जातात, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधली ती थोडी मिनिटं जेव्हा पाणी जरा गप्प बसतं. आणि नेमकं त्याच्या आगेमागेच सामन चांगला चावतो. झाला की नाही घोळ.

त्या दिवशी गिऱ्हाईक मराठी. कॅलगरीहून आलेला एक मुलगा, त्याची बायको, आणि ठाण्याहून आलेले त्याचे वडील. काका रेल्वेतून रिटायर, इंजिन चालवायचे. सहाला धक्क्यावर हजर, मंकी कॅप घालून. मी मराठीत बोललो तर म्हणाले, "अरे वा, मग आता नीट शिव्या देता येतील." मुलाला माश्यापेक्षा व्हिडिओत इंटरेस्ट, सुनेला बोट लागली होती, ती बिचारी आल्याची गोळी तोंडात धरून क्षितिजाकडे बघत होती. काका मात्र प्रत्येक गोष्ट विचारत होते.

पहिला अर्धा तास एक कोहो मिळाला, सामनचीच एक जात, पाठीवरचा छोटा पर कापलेला, म्हणजे हॅचरीत वाढवून सोडलेला, ठेवायला चालतो. मग क्वाड्रा बेटाच्या बाजूला कॉपर क्लिफ्सखाली गेलो, चिनूकसाठी, तीही सामनचीच जात.

आता ट्रोलिंग म्हणजे लोकांना वाटतं दोरी टाकली, बोट चालवली, झालं. डाउनरिगर म्हणजे बोटीवरची तारेची चरखी, तिला दहा-पंधरा पाऊंडांचा शिशाचा गोळा असतो, तो तारेवर १६० फूट खाली सोडायचा, दोरी त्याच्याजवळ क्लिपमध्ये अडकवायची. दोरीच्या शेवटी फ्लॅशर, म्हणजे अकरा इंची चकचकीत प्लास्टिकची पट्टी, ती पाण्यात गरागरा फिरते आणि माश्याला वाटतं दुसरा कोणी शिकार करतोय. तिच्यामागे हातभर लीडर, म्हणजे दोरीचा शेवटचा तुकडा, आणि त्याला हूची, म्हणजे प्लास्टिकची माकूल. काकांनी फ्लॅशरला "पत्रा" नाव दिलं आणि दिवसभर तेच चाललं.

सगळा खेळ स्पीडचा. आणि इथे नवे लोक, बाहेरून स्वतःची बोट घेऊन येणारे तर हमखास, जीपीएस बघून फसतात. जीपीएस सांगतो जमिनीच्या हिशोबाने किती चाललात, माश्याला जमिनीशी काय देणंघेणं? ओहोटीच्या विरुद्ध तोंड केलं की स्क्रीनवर ०.४ नॉट दिसतो आणि पाण्यातून बोट अडीचने चाललेली असते. लोक घाबरून थ्रॉटल देतात, फ्लॅशर लयीत फिरायचा सोडून भोवऱ्यासारखा सुटतो, मग दुपारी धक्क्यावर म्हणतात मासेच नाहीत. मी स्क्रीन बघत नाही, तार बघतो. तार पाण्यात किती तिरकी शिरते आणि रॉडचं टोक कसं ठोके देतं, ठक, ठक, ठक, सावकाश आणि सारखं. काकांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "रुळांच्या जॉइंटचा आवाज मोजून आम्ही स्पीड सांगायचो." मी म्हटलं हेच, काका, अगदी हेच.

सव्वासातला ठोके थांबले. क्लिप सुटली, वाकलेला रॉड ताडकन सरळ झाला आणि पुन्हा वाकला, या वेळी पार पाण्यात. काकांच्या हातात दिला. इथले रील सिंगल अ‍ॅक्शन असतात, मासा पळाला की हँडल उलटं गरगरतं, बोटं मध्ये आली तर सोलून निघतात. काकांची निघाली. पण रॉड सोडला नाही माणसाने.

आणि इथे मी चुकलो.

दुसरा डाउनरिगर वर घ्यायच्या आधी मी बोट वळवली. मासा ओहोटीबरोबर उत्तरेला निघाला होता, मला वाटलं तोंड त्याच्याकडे करू, दोरी वाचेल. वळलो चुकीच्या बाजूने. करंटने दुसरी तार बोटीखाली ढकलली आणि ती छोट्या इंजिनाच्या, किकरच्या, पंख्यावर बसली. किकर बंद. मोठं इंजिन चालू करायची हिंमत नाही कारण खाली कुठे काय लोंबतंय माहीत नाही. पहिल्या वर्षीच्या पोराला मी स्वतः सांगतो की मासा लागला की आधी दुसरी तार वर, मग बाकी सगळं. सात-आठ मिनिटं मी बोटीच्या शेपटाला पालथा पडून तार सोडवत होतो आणि त्या वेळात ओहोटी, जी संपत आली होती म्हणून मी निर्धास्त होतो, आम्हाला आरामात मधल्या चॅनेलमध्ये घेऊन गेली.

डोकं वर केलं तर नॅरोजमधून पांढरी भिंत बाहेर येत होती. अलास्काहून परतणारं क्रूझ जहाज, स्लॅक साधून. रेडिओवर ट्रॅफिकच्या चॅनेलला त्याने नक्की सांगितलं असणार, मी ऐकलं नाही, माझं डोकं पंख्यात होतं. नियम स्पष्ट आहे, अरुंद चॅनेलमध्ये २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्याच्या वाटेत यायचं नाही. बारा नॉटने येणारं जहाज दहा मिनिटांत दोन सागरी मैल कापतं. आमच्यात तेवढंही अंतर नव्हतं.

मोठं इंजिन चालू केलं. मासा आमच्या खाली सरळ, पंचवीसेक मीटरवर असेल, गोणीसारखा जड, हलत नव्हता. मोठा चिनूक असाच बसतो. किती मोठा ते कधीच कळणार नाही. इथे ३० पाऊंडांच्या वरच्या चिनूकला टायी म्हणतात, गावात १९२४ पासूनचा टायी क्लब आहे, वल्ह्याच्या होडीतून पकडला तरच सभासद करून घेतात. हा टायी होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही म्हणवत नाही.

मग पाच आखूड भोंगे झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याचा अर्थ "तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये, बाजूला हो". तो आवाज छातीत लागतो. सून रडायला लागली. मुलगा अजून शूट करत होता, त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

"काका, कापतोय."

त्यांनी एकदा जहाजाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि रॉड खाली केला. मी टोकाजवळ सुरी मारली आणि थ्रॉटल दिला. जहाज गेलं, त्याच्या लाटा आल्या, आम्ही क्वाड्राच्या बाजूला पोचलो होतो. सगळे गप्प. काका बोटांना रुमाल गुंडाळत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"अरे, त्या पत्र्याचं काय होणार आता?"

मी जे सगळे गाइड सांगतात ते सांगितलं. इथे गरीला उलटा काटा ठेवायला बंदी आहे, बार्बलेस असते, ढील मिळाली की निघून जाते, मासा सुटतो. काकांनी मान हलवली.

पण ढील कुठून मिळणार? मागे अकरा इंची पत्रा आहे, मासा पोहला की तो पाणी धरतो आणि गरी ओढलेलीच राहते. वर मी कापली टोकाशी, म्हणजे पस्तीस-चाळीस मीटर दोरी पण त्याच्याच मागे. सुरीऐवजी रील हाताने दाबून धरलं असतं तर गाठीपाशी तुटून निदान दोरी माझ्याकडे राहिली असती. पत्रा तरीही गेलाच असता, कारण माझी मेन लाइन ३० पाऊंडांच्या ताणाला तुटणारी आणि हूचीचा लीडर ४० चा. असं सगळेच बांधतात. हूची स्वतः हलत नाही, फ्लॅशरचा झटका कडक लीडरमधून पोचला तरच नाचते. लीडर हलका असता तर तो आधी तुटला असता, माश्याच्या तोंडात फक्त गरी आणि हूची. आणि मोठं इंजिन हळू चालवत, काकांना दोरी सोडायला लावून, मासा लावलेला ठेवूनच बाजूला होता आलं असतं का? रीलवर दोरी भरपूर होती. हे मला दुसऱ्या दिवशी दात घासताना सुचलं.

नंतर जहाजाचा मार्ग आणि माझ्या प्लॉटरवरची, म्हणजे बोटीच्या जीपीएस नकाशावरची, रेघ एकावर एक ठेवून बघितली. ते आमच्यापासून साधारण चारशे मीटरवरून गेलं. पण त्या चारशेतले किती मी थ्रॉटल दिल्यामुळे झाले, ते रेघेवरून नीट कळत नाही. दर वेळी बघतो तेव्हा वेगळा हिशोब निघतो.

बॉसला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर केलंस, फ्लॅशर काय वीस डॉलरचा. तार पंख्यात गेली हे मात्र त्याने दोनदा विचारलं. बाबांना सांगितलं तर, "माणसा बरी असत ना? मगे झाला." मुलाने रिव्ह्यूत पाच स्टार दिले, फोटो कोहोचा. व्हिडिओ टाकला नाही, याबद्दल त्याचे आभार.

काकांचा ठाण्याला पोचल्यावर मेसेज आला, बोटं बरी आहेत, कोहोचं तिखलं झकास झालं होतं. पत्र्याचं काही विचारलं नाही.

तेव्हापासून मी हूचीला २० चा लीडर बांधतोय. हूची मेल्यासारखी ओढली जाते. गेल्या आठवड्यात दोन ट्रिपा रिकाम्या आल्या, शेजारच्या बोटींना मिळत होते. बॉसने विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, मासाच नाहीये.