नागोयाचा योशी

योशिहिरो हात्तोरी नागोयाचा, म्हणजे मी सध्या राहते त्या शहरातला. सोळा वर्षांचा. वर्षभर शिकायला म्हणून लुइझियानातल्या बॅटन रूजला गेला होता. १७ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी हॅलोवीनच्या पार्टीला निघालेले तो आणि त्याचा अमेरिकन मित्र घर चुकले. बेल वाजवली. आतल्या बाईंनी दार उघडलं, घाबरून लावून घेतलं आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. मुलं परत फिरली होती. दार पुन्हा उघडलेलं पाहून योशी पुढे गेला आणि एका गोळीत संपला.

मे १९९३ मध्ये ज्युरीने त्या घरमालकाला निर्दोष सोडलं.

नागोयाआधी मी ह्यूस्टनला राहिले. तिथली माझी शेजारीण जीव लावणारी बाई, पण उशाशी पिस्तूल. पोलीस येईपर्यंत आपलं रक्षण आपणच करायचं, यावर तिचा ठाम विश्वास. म्हणून ती विचारायची, त्या क्षणी घरमालकाला जिवाची भीती वाटली होती की नाही? माझ्या इथल्या जपानीच्या शिक्षिकेने मात्र पहिल्यांदा विचारलं, त्याने योशीच्या आईवडिलांची माफी मागितली का? इथे मुलाने गुन्हा केला तर आईबापही वाकून माफी मागतात. पीडिताशी झालेली तडजोड सरकारी वकील खटला भरताना विचारात घेतात.

योशीच्या आईवडिलांनी बोट फक्त त्या एका माणसाकडे नाही, बंदुकीकडेही दाखवलं. घरोघरी बंदुका नकोत, या मागणीवर सतरा लाखांहून जास्त जपान्यांनी सह्या केल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे आईवडील राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. पुढे योशीच्या नावाने निधी उभारून त्यांनी अमेरिकन मुलांना जपानला बोलावलं. मी आई आहे, मला हे जमलं नसतं.

पण जपानी माणसाचा पोलिसांवरचा विश्वास मला भीतीदायक वाटतो. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात आरोपीचा गप्प राहण्याचा आणि चौकशीत वकील सोबत ठेवण्याचा हक्क पक्का केला. त्याच वर्षी जपानमधल्या शिझुओकात इवाओ हाकामादा खुनाच्या आरोपावरून पकडले गेले. कित्येक दिवस तासन्‌तास चौकशी करून त्यांच्याकडून कबुली काढली गेली, मग फाशीची शिक्षा. बहीण हिदेको आयुष्यभर लढल्या. २०२४ मध्ये, पुरावे बनावट होते असं सांगत न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं.

चौकशीच्या खोलीत वकिलाला बसू देणं जपानमध्ये आजही बंधनकारक नाही. योशीसाठी सह्या करणाऱ्या या माणसांनी त्यासाठीही सह्या कराव्यात, असं मला मनापासून वाटतं.