एकाच बाकावर पाळक आणि मंडळी

आजारी आणि शोकाकुल माणसांजवळ कसं बसावं, काय बोलावं हे चर्चच्या लोकांना शिकवणाऱ्या आपल्या नाशिकच्या शाळेबद्दल कुणी विचारलं की मी आधी वर्गातली बसण्याची पद्धत सांगतो. माझ्या एका बाजूला सुरगाण्याकडच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, तरुण पाळकसाहेब (धर्मगुरू) बसायचे, दुसऱ्या बाजूला एक सिस्टर, आणि पुढच्या बाकावर अंगणवाडीचं काम उरकून येणाऱ्या एक मावशी. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधली पाळी संपवून यायचो. कोण धर्मसेवेची दीक्षा घेतलेला आणि कोण साधा सभासद हे फक्त हजेरीपटावरून कळायचं. अभ्यास सगळ्यांना एकच आणि चुका काढल्या जायच्या त्याही सगळ्यांच्या. रविवारी पाळक वेदीजवळ उभे आणि आम्ही समोर बसलेले, ही ज्यांची लहानपणापासूनची सवय, त्यांना ही बैठक अंगवळणी पडायला वेळ लागला. ती पडली तेव्हाच आमचं खरं शिक्षण सुरू झालं, असं मला आज वाटतं.

मी का आलो ते थोडक्यात सांगतो. आमच्या मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झालं, की निरोप पाळकसाहेबांना जायचा. पाळक एक, उपासनेची ठिकाणं अनेक. ते पोचेपर्यंत शेजारच्या बायका पेज घेऊन गेलेल्या असायच्या, पुरुष खुर्च्या आणि मंडपाचं बघायचे. प्रेमाला कधी तोटा नव्हता. पण ज्याच्या मुलानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, त्याच्या घरी बसून बोलायचं काय? नवरा तुरुंगात असलेल्या बाईला भेटायला कुणी जायचं आणि गेल्यावर काय टाळायचं? तिथं आम्ही सगळेच मुके व्हायचो, नाहीतर भलतंच बोलायचो. माया असली म्हणजे सांत्वन जमतं असं नाही. ते शिकावं लागतं, आणि पाळकालाही शिकावं लागतं. हे मान्य करून आपली शाळा उभी राहिली, म्हणून तिच्याबद्दल मला एवढा आदर आहे.

आमच्या अभ्यासाचा कणा होता व्हर्बेटिम. रुग्णाला भेटून आल्यावर त्याच रात्री, आठवण ताजी असताना, झालेलं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. डाव्या बाजूला ‘ते १, मी १, ते २, मी २’ असे क्रमांक, मधे संवाद, आणि उजवीकडे रुंद समास, त्यात त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. कुणी गप्प राहिलं तर कंसात ‘शांतता’ लिहायचं. हुंदका, नजर वळवणं, उशी सारखी करणं, सगळं लिहायचं. रुग्णाचं नाव मात्र कधीही नाही. मग वर्गात दोघांनी तो संवाद वाचायचा. ज्यानं भेट घेतली तो स्वतःच्या ओळी वाचणार, दुसरा कुणीतरी रुग्णाच्या.

एक व्हर्बेटिम मला अजून ओळीन्‌ओळ आठवतो. सुरगाण्याचे पाळकसाहेब सर्जिकल वॉर्डात एका द्राक्षबागायतदाराला भेटले होते. मधुमेहानं त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. ‘ते २’ मध्ये तो म्हणतो, “ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, साहेब.” ‘मी ३’ मध्ये पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि तेविसावं स्तोत्र वाचलं. ‘ते ३’ : “हं.” ‘मी ४’ : प्रार्थना. ‘ते ४’ : “बरं झालं आलात.” कागदावर भेट उत्तम दिसत होती. वर्गात रुग्णाच्या ओळी अंगणवाडीच्या मावशी वाचत होत्या. स्तोत्र संपलं, मावशींनी “हं” म्हटलं, आणि मग कागदावर नसलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं : “पण छाटणीचं काय?”

वर्ग एकदम शांत झाला. आमच्या सरांनी पाळकसाहेबांना एवढंच विचारलं, “बाग किती एकर, छाटणीला माणसं मिळालीत का, हे तुम्ही विचारलंत?” निफाड–दिंडोरीकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. छाटणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. छाटणीनंतर पाऊस लागला तर डावणी हा बुरशीचा रोग येतो, आणि माल हाती यायला चारेक महिने जातात. त्या माणसाचा पाय गेला होता आणि त्याच्या डोक्यात बाग होती. पुढच्या भेटीत पाळकसाहेबांनी बागेबद्दल विचारलं. पठ्ठ्या अर्धा तास बोलला. कर्जाचं बोलला, धाकटा भाऊ बोलत नाही ते बोलला, आणि शेवटी स्वतःहून म्हणाला, “त्या दिवशी वाचलं ते परत वाचता का?” स्तोत्र तेच होतं. या वेळी ते त्याला ऐकू आलं.

या पद्धतीचं मूळ दूरचं आहे. अँटन बॉयसन नावाचे अमेरिकन पाळक स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून बाहेर आले. १९२५ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. विद्यार्थ्यांनी ग्रंथ वाचावेत तसंच समोरच्या दुःखी माणसाला वाचावं, असा त्यांचा आग्रह होता. जो माणूस स्वतः त्या खाटेवर झोपलेला होता त्यानं हे शिक्षण सुरू केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी हे काम रुग्णालयाच्या कामाचाच एक भाग मानतात.

बायबलातला ईयोब, सगळं गमावून बसलेला माणूस; त्याचे मित्रही आम्हाला इथंच नव्यानं भेटले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र! ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, याचा आधार मी कितीतरी शोकाकुल घरांत घेतला आहे. रडणाऱ्याला लगेच गप्प करायला शास्त्र सांगत नाही.

सिस्टरांच्या तासाला सिसिली सॉन्डर्स या इंग्लिश डॉक्टरांबद्दल ऐकलं. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्यांच्या शुश्रूषेचं ठिकाण, सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना शरीराची असते, मनाची असते, घरच्यांच्या काळजीची असते आणि आत्म्याचीही असते, आणि ती सगळी मिळून एकच वेदना असते, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून मॉर्फिन देणारा डॉक्टर आणि प्रार्थना करणारा सेवक एकमेकांना वगळून काम करू शकत नाहीत. आमच्या वर्गातल्या कॅथलिक भावाबहिणींकडून आणखी एक कळलं. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार पूर्वी अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवला जायचा. फादर दारात दिसले की घरचे हंबरडा फोडायचे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ च्या सुधारणेनं तो गंभीर आजारातल्या सगळ्यांसाठी मोकळा झाला. तरी खेड्यांतली ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही, असं सिस्टर सांगायच्या.

रुग्णालयातले नियम कडक होते आणि ते तसेच असायला हवेत. वॉर्डात शिरण्याआधी तिथल्या इन्चार्ज नर्सची परवानगी. ड्रेसिंग चालू असेल तर बाहेर थांबायचं. खाटेवर बसायचं नाही. प्रार्थना करू का, हे विचारायचं, आणि ‘नको’ म्हटलं तर तेवढ्याच आपुलकीनं बसून राहायचं. समोरचा दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याच्या श्रद्धेचा मान राखायचा. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला उपदेश ऐकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हे मी आजही नव्या मुलांना निक्षून सांगतो.

गुप्ततेचंही तसंच. ऐकलेलं पोटात ठेवायचं, मंडळीच्या प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून सुद्धा ते बाहेर काढायचं नाही. पण कुठली गोष्ट पोटात ठेवायची नाही हेही स्पष्ट शिकवलं गेलं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. तिथं मंडळीची अब्रू आड येऊ द्यायची नाही. कुणी जीव द्यायचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना जागं करायचं, डॉक्टरांपर्यंत न्यायचं. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे. त्याला आरोपीसारखं वागवायचं नाही. हे पाळकांनी प्रवचनातूनही सांगायला हवं. अजून फार थोडे सांगतात.

नाशिकला अशी शाळा असावी यात मला तरी नवल वाटत नाही. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं शरणपूर आपल्या शहरातच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं वाढली, शिकली, हातात धंदा घेऊन बाहेर पडली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. आईबाप, गाव, भाषा सगळं हरवलेल्या त्या पोरांशी कोण कसं बोललं असेल, असा प्रश्न आमच्या सरांनी एकदा वर्गात टाकला होता. शरणपूर रस्त्यावरून जाताना तो मला आठवतो.

शाळा सोडल्यावर माझ्या वाट्याला बहुतेक काम आलं ते दारूतून बाहेर पडणाऱ्यांचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या त्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांमधल्या पाचव्या पायरीत आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवासमोर, स्वतःसमोर आणि दुसऱ्या एका माणसासमोर कबूल करायचं असतं. तो दुसरा माणूस होणं सोपं नाही. ऐकताना चेहरा बदलू द्यायचा नाही, क्षमा आपण वाटायची नाही, आणि उठतानाही त्याच्या नजरेला नजर द्यायची. हे मला कुठल्याही प्रवचनानं शिकवलं नसतं. त्या रुंद समासानं शिकवलं, कारण तिथं मला माझ्या मनातली चीड आधी कागदावर बघावी लागली होती.

एक खंत मात्र लिहितो. शिकून परत आलेल्या सभासदाला बऱ्याच मंडळ्या पूर्वीसारखंच मंडपाचं आणि वर्गणीचं काम देतात. पाळक व्यासपीठावर त्याचं कौतुक करतात, पण आजाऱ्याचा निरोप आला की त्याला बरोबर नेत नाहीत. प्रमाणपत्र भिंतीवर राहतं. ज्या ठिकाणी पाळक आणि सभासद दोघंही आपल्या शाळेतून गेले आहेत तिथं हे घडत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून मंडळीनं माणूस पाठवताना जोडीनं पाठवावा, अशी अट शाळेनं घालावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मागणी भाषेची. या विषयाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. आपल्या शाळेनं व्हर्बेटिम मराठीत लिहू दिले, अहिराणीत आणि कोकणीतही लिहू दिले (डांगाकडची कोकणी, समुद्राकडची नव्हे), म्हणून सुरगाणा–पेठची माणसं टिकली. रुग्ण ज्या भाषेत कण्हतो त्याच भाषेत ते लिहिलं गेलं पाहिजे. गेल्या पंचवीस वर्षांचे हे कागद, नावगाव आणि ओळख पटेल असा सगळा मजकूर काढून, शिकवण्यासाठी एकत्र करता येतील. ते कपाटात पडून आहेत. वाळवी लागण्याआधी हे काम हाती घ्या. वर्गीकरण करायला माझ्यासारखे निवृत्त लोक आठवड्यातून एक दुपार नक्की देतील. मी माझी शनिवारची दुपार आत्ताच देतो. आणि नव्या तुकडीला व्हर्बेटिम वाचताना रुग्णाच्या ओळींसाठी माणूस कमी पडला तर मला बोलवा.