एरर २०१ आणि डॅश आर

आमच्या पुण्याच्या ऑफिसात ॲब्यूज डेस्कचं काम सरळ असतं. सर्व्हरवर लॉगिनचे हल्ले झाले, की आयपी पत्ता कोणाच्या नावावर आहे ते हूइजला (whois, पत्त्यांच्या नोंदी शोधून देणारी सेवा) विचारायचं आणि तक्रार धाडायची. या नोंदी प्रादेशिक नोंदणी संस्था ठेवतात: आपल्याकडचे पत्ते ब्रिस्बेनच्या एपनिककडे सापडतात, युरोपातले ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसीकडे.

त्या सकाळी राइपकडून कोणालाही, काहीही विचारलं तरी एरर २०१ यायला लागला. प्रवेश नाकारला. नेटवर्कवाले सवयीने फायरवॉल उकरत बसले. खरं कारण त्या संदेशातच लिहिलेलं होतं: व्यक्तिगत माहितीची दिवसाची मर्यादा संपली. पण एरर शेवटपर्यंत वाचायचा, ही पद्धत आमच्याकडे नाही.

भानगड अशी, की राइपला आयपी विचारला तर नुसता पत्त्यांचा पट्टा येत नाही. त्या पट्ट्याला प्रशासकीय आणि तांत्रिक संपर्क म्हणून जी माणसं जोडलेली असतात, त्यांच्या नोंदीही न मागता येतात, फोननंबरासकट. त्यांची मोजदाद होते. एका आयपीला दिवसाला १०००. आमचं अख्खं ऑफिस एका नॅटमागे, सगळ्यांचा बाहेर दिसणारा पत्ता एकच, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या लेखी आम्ही सगळे मिळून एकच माणूस! आणि नोकरी सोडून गेलेल्या एका विद्वानाची स्क्रिप्ट लॉगमधल्या प्रत्येक ओळीसाठी नव्याने हूइज मारत होती, तोच पत्ता शंभरदा आला तरी. वर कमांडला डॅश बी (-B) हा पर्याय लावलेला, कारण एरवी ईमेल गाळले जातात.

चीड याची येते, की त्यातलं काहीच लागत नव्हतं. २०१२ साली राइपमध्ये धोरण मंजूर झालं आणि पुढे तक्रारीचा पत्ता उत्तराच्या वरच्या भागातच, टक्क्याच्या खुणेच्या ओळीत यायला लागला. डॅश आर (-r) हा पर्याय दिला, की माणसांच्या नोंदी येत नाहीत. ही ओळ मात्र येते.

मग ऑफिसच्या हूइज कमांडलाच मी डॅश आर कायमचा चिकटवला. ज्याला माणसं हवीत त्याने वेगळं मागावं. माझ्या मते राइपनेही काही पर्याय न देता विचारलं तर हेच उत्तर द्यायला हवं. न मागता माहिती वाढायची आणि वर ती जास्त खाल्ली म्हणून दार लावायचं, हा कुठला न्याय?

महिनाअखेरीला अकाउंट्समधून फोन आला. "सर, शीटमधला फोननंबरचा कॉलम रिकामा येतोय." हूइजच्या उत्तरांतून भरणारी अशी काही शीट आहे हे डेस्कवर कोणाला माहीतच नव्हतं. मी निदान उठून त्यांच्या टेबलापाशी जाऊ शकलो. राइपने कुठे जायचं? २००४ च्या आरएफसी ३९१२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हूइज एवढंच आहे: एक ओळ विचारा, मजकूर घ्या, कनेक्शन बंद. आवृत्ती सांगायची सोयच नाही. उद्या त्यांनी हे बदललं, तर जगभरच्या असल्या शीट्स गुपचूप रिकाम्या होतील आणि त्यांचे मालक कोण, हे ॲमस्टरडॅमला कळायचा मार्ग नाही.

तरी बदलावं, असंच मला वाटतं. अकाउंट्सना मी अजून तो कॉलम भरून दिलेला नाही. तो कशाला लागतो, हे त्यांनाही सांगता आलेलं नाही.