पेपरात नाव, फोटोत चेहरा: वॉशिंग्टन ते हार्लेम, जुन्या ब्लॅक पेपर्सच्या शोधात

जुने आफ्रिकन-अमेरिकन कलाकार पेपरांत आणि फोटोंत शोधायचे असतील तर वॉशिंग्टनपासून सुरुवात करा, न्यूयॉर्क नंतर. आधी पेपर वाचून नावं आणि तारखा हातात आल्या पाहिजेत, मगच फोटोंच्या खोक्यांसमोर बसण्यात अर्थ आहे. मी गेले होते जुन्या आफ्रिकन-अमेरिकन नटनट्यांसाठी, बर्ट विल्यम्स, आयडा ओव्हरटन वॉकर, फ्लॉरेन्स मिल्स ही सगळी मंडळी, म्हणजे साधारण 1900 ते 1927 चा काळ. यांच्याबद्दल गोऱ्यांच्या पेपरात दोन ओळी असल्या तर असल्या, पण न्यूयॉर्क एज, इंडियानापोलिस फ्रीमन, शिकागो डिफेंडर या ब्लॅक पेपरांत, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन लोकांनीच काढलेल्या पेपरांत, कोण कुठे नाचलं, कुणाचा आवाज बसला होता, कुठल्या गावात हॉटेल मिळालं नाही, सगळं सापडतं. एजमध्ये तर लेस्टर वॉल्टन नावाचे संपादक 1908 पासून नाटकांचं पान बघायचे आणि ते पान आजही वाचताना ताजं वाटतं.

वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला कॅपिटॉल साउथ मेट्रो स्टेशन जवळ आहे, मॅडिसन बिल्डिंगमध्ये जायचं, पेपर आणि फोटो दोन्ही विभाग तिथेच. रीडर कार्ड फुकट मिळतं, पासपोर्ट न्या, अर्ज घरूनच ऑनलाइन भरून ठेवा म्हणजे तिथे फक्त फोटो काढून कार्ड हातात. बॅग आणि जॅकेट खाली ठेवावं लागतं, पेन चालत नाही, पेन्सिल न्या, आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह न्याच, कारण जुने पेपर मूळ स्वरूपात देत नाहीत, मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे छोटे फोटो घेतलेल्या फिल्मवर बघायचे असतात, आणि ते पान मशीनवरून थेट त्यात सेव्ह होतं. रविवारी बंद. फोटो विभागाला आधी ईमेल करा, काय बघायचंय ते नेमकं लिहा, "जुने थिएटर फोटो" असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघमच येणार.

आता मूळ पेपर का दाखवत नाहीत हा प्रश्न सगळ्यांना पडतो. फ्रीडम्स जर्नल, पहिला ब्लॅक पेपर, 1827 मध्ये न्यूयॉर्कला निघाला, तो चिंध्यांपासून बनवलेल्या कागदावर छापलेला, म्हणून इतका जुना असूनही टिकाऊ. पण 1870 च्या पुढे पेपर लाकडाच्या लगद्यावर आले, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक आणि वर आम्ल, मग कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुकडे होतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा डिफेंडर दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रीडम्स जर्नलपेक्षा जास्त नाजूक! त्यात बहुतेक लायब्रऱ्यांनी ब्लॅक पेपर मुळात जपलेच नाहीत आणि वाचकांनी एकेक अंक हातोहात फिरवला, डिफेंडर तर रेल्वेच्या पुलमन नावाच्या झोपायच्या डब्यांतले पोर्टर, म्हणजे ब्लॅक सेवक, दक्षिणेत नेऊन वाटायचे, असा अंक शिल्लक राहणार कसा. डिफेंडर 1905 ला सुरू झाला पण पहिल्या काही वर्षांचे अंक फारच थोडे उरलेत. जे वाचलं त्यात 1940 च्या दशकातल्या मायक्रोफिल्म प्रकल्पाचा मोठा वाटा आहे, आर्मिस्टेड प्राइड या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी देशभर फिरून अंक शोधले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांची फिल्म केली. माझ्या मते या माणसाचं नाव प्रत्येक डिजिटल पानाखाली यायला हवं.

पण त्या फिल्मची एक मर्यादा आहे आणि मला यातलं सर्वात महत्त्वाचं तेच वाटतं. ती फिल्म अक्षरांसाठी केलेली, काळं एकदम काळं आणि पांढरं एकदम पांढरं यावं म्हणून, मधल्या करड्या छटा त्यात उडून जातात. पेपरातला फोटो म्हणजे बारीक ठिपके, त्यात चेहरा सावळा, म्हणजे फिल्मवर नुसता काळा डाग उरतो, खाली नाव मात्र लख्ख वाचता येतं. आज ऑनलाइन दिसणारी बहुतेक पानं याच फिल्मवरून स्कॅन झालीत, त्यामुळे कितीही झूम करा, डोळे दिसत नाहीत. आणि तिकडे थिएटरच्या संग्रहात उलटं, स्टुडिओतला सुंदर स्वच्छ फोटो, पण लेबलवर "अनोळखी अभिनेत्री". म्हणून दोन्ही एकत्र बघायचे.

घरबसल्या तयारी कशी करायची ते सांगते. क्रॉनिकलिंग अमेरिका ही जुन्या पेपरांची साइट 2007 पासून फुकट आहे, तिथे वॉशिंग्टन बी, रिचमंड प्लॅनेट, ब्रॉड ॲक्स हे ब्लॅक पेपर मिळतात. बाल्टिमोरचा अफ्रो-अमेरिकन, 1892 पासूनचा, त्याचे बरेच अंक गुगल न्यूज आर्काइव्हवर आहेत पण तिथे सर्चच्या भरवशावर राहू नका, तारीख धरून पानं उलटा. डिफेंडर आणि पिट्सबर्ग कुरियर पैशाच्या डेटाबेसमध्ये आहेत, स्वतः विकत घेऊ नका, मोठ्या लायब्ररीत बसून ते फुकट बघता येतात. सर्च करताना आजचे शब्द टाकू नका, त्या काळचे कलर्ड, नीग्रो, रेस हे शब्द टाका, आज ते खटकतात पण छापलेत तेच. नावं बदलून बघा, आयडा आधी स्वतःचं नाव एडा लिहायची, त्यामुळे एकाच स्पेलिंगने शोधलंत तर तिची सुरुवातीची वर्षं हातातून जातील. आणि स्कॅनवरून मशीनने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो, पूर्ण नावाऐवजी थिएटरचं नाव आणि गाव असं टाकलं तर जास्त सापडतं.

न्यूयॉर्कला दोन ठिकाणं. हार्लेममध्ये शॉम्बर्ग सेंटर, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची ब्लॅक इतिहासाची शाखा, 2 किंवा 3 नंबरची ट्रेन, 135 स्ट्रीटला उतरलं की समोरच. आर्तुरो शॉम्बर्ग यांनी जमवलेला संग्रह 1926 मध्ये 10,000 डॉलरला घेऊन लायब्ररीला दिला गेला, त्यावर हे उभं आहे. आत लॉबीच्या फरशीखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत, थोडं थांबा तिथे. दुसरं लिंकन सेंटरची थिएटर लायब्ररी, 1 नंबर ट्रेन, 66 स्ट्रीट. दोन्हीकडे फोटोंसाठी अपॉइंटमेंट आधी घ्या.

फोटो समोर आला की आधी पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेली तारीख, छापण्यासाठी कुठे कापायचं त्याच्या खुणा, सगळं मागे असतं आणि डिजिटल कॉपीत अनेकदा फक्त पुढची बाजू असते, म्हणून परवानगी घेऊन मागचाही फोटो काढा, फ्लॅश न लावता. बर्ट विल्यम्सला आयुष्यभर चेहऱ्यावर काजळी फासून स्टेजवर जावं लागलं, तो स्वतः कृष्णवर्णीय असूनही. 1903 ला त्याचं आणि त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकरचं इन डाहोमी हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, पुढे लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्येही झालं. त्याचे मेकअप नसलेले, साध्या सुटातले फोटो बघितले तेव्हा मला खरंच भरून आलं, तो माणूस असा दिसायचा हे प्रेक्षकांना किती कमी वेळा दिसलं असेल.

हार्लेममधून कोलंबिया विद्यापीठ लांब नाही, बाबासाहेब 1913 ते 1916 तिथे शिकले. त्यांनी 1946 मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या डिजिटल संग्रहात आहे, मोबाइलवर उघडतं, जरूर वाचा.

फोटो वापरायचे असतील तर हक्क तपासा. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले कार्ल व्हॅन व्हेक्टन यांचे 1,395 फोटो खुले आहेत, 1932 पासूनचे, पण ते कापू नका, रंगवू नका आणि फोटोग्राफरचं नाव द्या अशी विनंती आहे, ती पाळा. हल्ली ॲपने जुने चेहरे रंगवायची हौस आलीय, कातडीचा रंग मशीन अंदाजाने ठरवतं, या लोकांच्या बाबतीत तरी ते नका करू.

आणि पेपरातल्या ओळीवरून कुणा "अनोळखी" चेहऱ्याचं नाव लागलं तर लायब्ररीच्या आस्क अ लायब्ररियन फॉर्मवर कळवा. पेपरचं नाव, तारीख, पान, कॉलम आणि फोटोचा नंबर एवढं पाचही द्या, लिंकवर भागवू नका, लिंका बदलतात.