सहलीच्या यादीतून नाव कापू नका

आमच्या शाळेत सहलीची यादी लावण्याआधी शिस्तवही उघडली जायची. नावापुढे लाल शाईचे तीन शेरे असले की ते नाव यादीतून कट. मी इथे लागले त्याच्याही आधीपासूनची ही पद्धत, आणि बहुतेक पालकांनाही ती पटलेली. त्या वर्षी सातवीतून चार नावं कापली गेली. मी सातवीची वर्गशिक्षिका, सहावी ते आठवीचं गणित माझ्याकडे. सहल ठरली होती ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, शून्य बघायला.

शून्य बघायला म्हणजे काय, ते ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी सांगते. गुजरी महालाच्या बाजूने, ग्वाल्हेर दरवाजातून किल्ला चढायला लागलं की लक्ष्मण पोळ नावाच्या दरवाजाच्या अलीकडे एक लहानसं देऊळ लागतं. एकाच खडकात कोरलेलं, जेमतेम बारा फूट लांबी-रुंदीचं चतुर्भुज मंदिर. या चढावर गाड्या येत नाहीत, त्यामुळे उरवाई दरवाजाकडून गाडीने वर जाणारे लोक ते न बघताच परत जातात. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे सन ८७६ चा लेख आहे. तेव्हा प्रतिहारांचा भोजदेव राज्य करत होता. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी त्या त्या ऋतूतल्या फुलांचे रोज ५० हार द्यायचे, असं त्यात नोंदवलंय. २७० आणि ५० मधली शून्यं म्हणजे बारीकशी वर्तुळं, इतर अंकांपेक्षा लहान आणि किंचित वर उचललेली. ‘जगातलं पहिलं शून्य’ असं आपल्याकडे बेधडक सांगतात. ते बरोबर नाही. कंबोडियातल्या सन ६८३ च्या लेखात टिंबाच्या रूपातलं शून्य आहे. पण ज्याचं साल पक्कं ठाऊक आहे असं, आपण आज काढतो तसं गोल, स्थानिक किंमत दाखवणारं शून्य आमच्या गावात दगडावर आहे आणि आमच्या लष्कर या भागातल्या मुलांना ते चालत जाऊन बघता येतं. मुलांना खरं तेवढंच सांगावं, तेवढ्यानेही ती पुरेशी चकित होतात.

कापलेल्या चार नावांपैकी एक होतं लष्करातल्या महाराज बाडा चौकाजवळ राहणाऱ्या एका मुलाचं. आई-वडील नोकरीसाठी बाहेरगावी, हा आजीजवळ. त्याचे तीन शेरे मी वाचले. तास चालू असताना बाक वाजवला. पाण्याच्या टाकीपाशी ढकलाढकली केली. प्रार्थनेला डोळे मिटलेल्या दोन मुलांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधल्या. तिसऱ्यात एक मुलगा तोंडावर पडला होता, तेव्हा तो शेरा मला मान्यच होता. पण त्याची शिक्षा म्हणून शून्याचा धडा बुडवायचा, हे मला पटेना.

मी मोठ्या मॅडमकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, “नाड्या बांधल्या म्हणून आपण त्याला अपूर्णांकांच्या तासाला बाहेर काढत नाही. मग या तासाला का काढायचं? हासुद्धा गणिताचाच तास आहे.”

त्या म्हणाल्या, “वर्गाला चार भिंती असतात. किल्ल्याला कडे आहेत. काही झालं तर उत्तर कोण देणार?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, त्यात १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून सहलीच्या परवानगीवर सही करताना कुठल्याही मुख्याध्यापकाचा हात थबकतोच आणि तो थबकावाच. पण माझं म्हणणं असं होतं, की तीन शेऱ्यांवर चार नावं कापल्याने उरलेली मुलं सुरक्षित होत नाहीत. ती सुरक्षित होतात जोड्या लावल्याने, जागोजागी मोजल्याने, पुढे-मागे मोठं माणूस असल्याने. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्यांनी चारही नावं परत घातली, दोन अटींवर. ती चौघं माझ्या गटात राहतील, आणि पालकांची वेगळी लेखी संमती हवी.

नियम मुलांनीच करावेत असं मी ठरवलं. फळ्यावर पहिला नियम आला, ‘ओरडायचं नाही.’ लगेच एकीचा हात वर, “मॅडम, मोकळ्या जागेत का नाही ओरडायचं? कुणाला त्रास?” अर्धा तास वाद झाला आणि नियम असा झाला, की देवळात, महालाच्या आत आणि लोक असतील तिथे हळू, मोकळ्या मैदानात कसंही. ‘आपला जोडीदार दिसेनासा झाला तर लगेच सांगायचं, चहाडी मानली जाणार नाही,’ हा नियम मुलांनीच काढला. मला सुचला नसता. गजकच्या, म्हणजे तिळाच्या मिठाईच्या वेष्टनांसाठी प्रत्येकाने एक पिशवी घ्यायची, हाही त्यांचाच. ‘भिंतींवर लिहायचं नाही’ हा एकमताने आला, त्यावर कुणी अक्षरही बोललं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो कुणाच्या मनात उतरला नाही.

मोजणीसाठी प्रत्येकाला क्रमांक दिला. थांबलो की सगळ्यांनी ओळीने आपापला आकडा पुकारायचा. हा आमचा नाड्या बांधणारा उठून म्हणतो, “मॅडम, मला शून्य द्या. शून्यच बघायला चाललोय ना?” वर्ग फिदीफिदी हसला. मी दिलं. तो खूश होऊन बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्याने पुकारल्याशिवाय मोजणी सुरूच होणार नाही. एका मुलीच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. शेवटचा ‘एकोणचाळीस’ म्हणेल, पण मुलं चाळीस असतील. हे का, यावर तो तास संपला. सहलीआधीच माझं निम्मं काम झालं होतं.

फेब्रुवारीतली सकाळ, धुकं विरत आलेलं. चढ चांगलाच उभा आहे. ‘शून्य!’ ‘एक!’ ‘दोन!’ असा गजर करत आम्ही वर निघालो. देवळाच्या आत पाच-सहा मुलंच मावतात, म्हणून गट पाडले. बाहेरच्यांना काम दिलं होतं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजायचा आणि बागेचं क्षेत्रफळ काढायचं. २७० गुणिले १८७, पन्नास हजार चारशे नव्वद चौरस हात. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाची बाग वेगळी! राजाच्या मापाचा हात वेगळा का धरायला लागायचा, हे मग सांगावं लागलं नाही. एकजण म्हणाला, “शून्य पुसलं तर बाग सत्तावीस हातांची होईल. माळ्याचं कसं भागणार?”

आणि तेवढ्यात बाहेरून चौकीदाराची हाक आली. “ए लल्ला! क्या कर रहा है वहाँ?”

मी धावले. आमचा शून्य क्रमांक खडकापाशी उकिडवा बसला होता, हातात कर्कटक. नुकताच आतून शून्य बघून आलेला. कर्कटकाचं टोक रोवून तो तसंच वर्तुळ कोरत होता. पाऊण झालं होतं. वाळूचा दगड मऊ, रेघ पांढुरकी उमटलेली. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा तोंडावर भीती नव्हती, काहीतरी जमत आल्याचा आनंद होता. तो आनंद मग चौकीदार बोलायला लागल्यावर गेला.

संरक्षित स्मारकाला इजा करणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चौकीदार मुलाशी रागावून बोलला, पण त्याने दंडुका उगारला नाही की शिवी दिली नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. त्याने मुलाला हाताला धरून भिंतीकडे नेलं. तिथे बदाम होते, बाण होते, कुणाकुणाची नावं होती. म्हणाला, “देख. ये सब भी यही सोचते थे, इतने से क्या होगा.” दगडाची जखम भरत नाही, घासून काढायला जावं तर आणखी दगड जातो, हेही त्यानेच समजावलं. मी कर्कटक काढून घेतलं, आणि तिथूनच मोठ्या मॅडमना फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे काही क्षण शांतता. मग, “बरं. बाकीची मुलं नीट आहेत ना? उद्या बोलू.”

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं नाही. कायद्याने शाळेत मारता येत नाही, मुलाला मानसिक त्रासही देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम तेच सांगतं. पण कलम नसतं तरी मी ते केलं नसतं. मी एवढंच विचारलं, “काय केलंस ते सांग.”

तो म्हणाला, “शून्य काढलं.” मग थोडं थांबून, मान वर न करता, “मॅडम, त्यांनीपण दगडावरच लिहिलंय ना? मग त्यांचं बघायला आपण येतो आणि मी लिहिलं तर गुन्हा?”

भोवती जमलेली मुलं गप्प झाली. चौकीदारसुद्धा माझ्याकडे बघायला लागला. हा उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ‘भिंतींवर लिहायचं नाही’ला हात वर करणाऱ्या चाळीसांपैकी कुणालाच ते कळलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना तिथेच पायऱ्यांवर बसवलं आणि म्हटलं, याचं उत्तर कोण देईल?

पहिलं उत्तर आलं, ते जुनं आहे म्हणून. त्यावर लगेच दुसरा, “मग याचंपण हजार वर्षांनी जुनं होईल.” तिसरी म्हणाली, “त्यांनी स्वतःच्या देवळात लिहिलं. देऊळ ज्यांनी बांधलं त्यांचा तो लेख. हा खडक काय आपला आहे?” कुणीतरी म्हटलं, किल्ला तर सगळ्यांचा. ती म्हणाली, “सगळ्यांचा आहे म्हणूनच एकट्याने नाही लिहायचं.” मग एक अबोल मुलगा, जो वर्गात क्वचितच तोंड उघडतो, हळूच बोलला, “त्यात कोणाला किती जमीन दिली आणि रोज किती हार द्यायचे ते आहे. म्हणजे पुढे कुणी नाही म्हणू नये म्हणून लिहिलंय. आमच्या घराच्या रजिस्ट्रीसारखं.” मी त्याच्याकडे बघतच राहिले. शिलालेख हा दस्तऐवज असतो हे मी पुढे इतिहासाच्या मॅडमना सांगायला लावणार होते, ते या पोराने एका वाक्यात सांगितलं.

शून्य क्रमांक ऐकत होता. म्हणाला, “मी फक्त मला आवडलं म्हणून काढलं.” कुणी हसलं नाही. मी म्हटलं, आवडलं ते वहीत काढ, आणि वर पोचेपर्यंत माझ्याबरोबर चाल.

मानमंदिराला आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. निळ्या फरशांवरची पिवळी बदकं बघताना मुलं सगळं विसरली, तो सुद्धा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तळघरातल्या कैद्यांच्या गोष्टी आणि डबे खाताना झालेला गोंधळ कुठल्याही सहलीत असतो तसाच. मोजणी प्रत्येक थांब्यावर शून्यापासूनच झाली. ती मी बदलली नाही. काही मुलांनी ‘याचं शून्य काढून घ्या’ म्हणून मागणी केली, तेव्हा मी सांगितलं, त्याने चूक खडकावर केली आहे, मोजणीत नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अपेक्षित तेच झालं. “सांगितलं होतं ना?” असं दोघा-तिघांनी ऐकवलं. मी म्हटलं, होय, त्याने नियम मोडला, आणि म्हणूनच तो तिथे असायला हवा होता. घरी बसला असता तर नियम त्याने मोडला नसता, पण तो कशासाठी आहे हे त्यालाच काय, बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही कळलं नसतं.

शिक्षा काय, हे मोठ्या मॅडमनी ठरवलं. त्याने घडलेलं सगळं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आजीला वाचून दाखवायचं आणि सही आणायची. सही घेऊन आजी स्वतःच आल्या. डोळ्यांत पाणी. “बाई, याला आता कुठे नेऊ नका. नाव घालवलं त्याने.” मी म्हटलं, “आजी, नेणार. पुढच्याही सहलीला नेणार.” त्या जरा सावरल्या. मग म्हणाल्या, “लग्न होऊन लष्करात आले तेव्हापासून किल्ला गच्चीवरून रोज दिसतो. वर जायचं म्हटलं की गुरुद्वाऱ्यापर्यंत जाऊन परत. हे देऊळ मला ठाऊकच नव्हतं. याने कागदावर काढून दाखवलं, कुठे काय आहे ते.”

नंतरच्या सभेत शिस्तवहीचा नियम बदलला. शेऱ्यांमुळे नाव कापलं जाणार नाही. तीन शेरे झाले तर पालकांशी आधी बोलणं आणि सहलीत वर्गशिक्षिकेचा गट. माझ्या एका सहकारी बाईंना हे अजूनही मान्य नाही. त्यांचा मुद्दा असा, की वर्षभर नीट वागणाऱ्या मुलाने का नीट वागायचं, जर शेवटी दोघंही सहलीला जाणार असतील? हा मुद्दा मी हलका धरत नाही. पण नीट वागणाऱ्यांना शाबासकी द्यायची असेल तर ती वेगळी द्यावी, कुणाचा तास कापून नव्हे, यावर मी ठाम आहे. आमचं यावर अधूनमधून वाजतंच.

आता सहावीला जयविलास महाल दाखवायचा आहे. काचेचं सामान पुष्कळ, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, आणि हात लावायला शिवशिवणारी मुलं. सहकारी बाईच त्या वर्गाच्या वर्गशिक्षिका आहेत. यादी पूर्ण लागली आहे, आणि ‘हात का लावायचा नाही’ यावर त्यांनी वर्गात आधी एक अख्खा तास ठेवला आहे.